वीस ग्रॅमच्या आत

प्रिय शून्यराव,

नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे असं विचारून पत्राला सुरुवात करायची रीत आहे, म्हणून विचारतो. पण उत्तर तू देऊ नकोस. पायाची दोन बोटं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तू 'बरी आहे' म्हणाला होतास. उत्तर तुझ्या मुलीनं द्यावं. तसंही तुझे डोळे आता अक्षरं धरत नाहीत, तेव्हा हे पत्र आधी तिच्या हातात पडणार, तीच तुला वाचून दाखवणार आणि तिला वाटेल तिथे गाळणार. (मुली, अनेक आशीर्वाद. गाळायचं तिथे जरूर गाळ, फक्त गाळताना थांबू नकोस. समोरचा कुठे गप्प झाला हे तुझ्या वडिलांना लगेच कळतं. एकतीस वर्षं एका बाकावर शेजारी बसून त्यांनी माझं बहुतेक गप्प राहणंच ऐकलं आहे.) इकडे मी ठीक. तुझी वहिनी ठीक. दुकान ठीक. तुझ्या बाजूचा दिवा गेला आहे, तो मी बदललेला नाही, कारण त्या बाजूला पाहण्यासारखं सध्या काही नसतं. कागद इतका पातळ का, शाई पलीकडे उमटते आहे, असं मुलगी म्हणेल. त्याला कारण आहे. ते शेवटी.

लिहायला निमित्त असं की माझ्याही रक्तात साखर निघाली. आकडा तुझ्याहून मोठा आहे. यात बढाई नाही, नुसती नोंद. दवाखान्यातल्या माणसानं कागद हातात दिला तेव्हा मी त्याला विचारलं, हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला शेजारच्या खोलीत पाठवलं. ती खोली सवयी बदलणाऱ्या बाईंची. म्हणजे बाई स्वतः काही बदलत नाहीत, त्या फक्त विचारतात. भिंतीवर जिन्याचं चित्र होतं. पाच पायऱ्या. खालच्या पायरीवरचा माणूस बदलाचा विचारच करत नाही, दुसरीवरचा विचार करतो, तिसरीवरचा तयारी करतो, चौथीवरचा खरोखर काहीतरी करतो आणि पाचवीवरचा ते टिकवतो. पाचही पायऱ्यांवर एकच माणूस काढलेला होता, आणि वर जाताना तो बारीक होत गेला होता. मी विचारलं, या जिन्याला कठडा कुठे आहे. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की इथे आपण बोलू ते मोजलं जाणार.

मग त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. शून्य ते दहा. बदलायची तुमची तयारी किती, बोट ठेवून दाखवा. मी बोट चारवर ठेवलं. आपल्या काटेदुरुस्तीच्या धंद्यातला माणूस, पहिल्या झटक्यात टोकाचा आकडा कसा देईल? मला वाटलं, आता बाई विचारतील, सात का नाही, दहा का नाही, जगायचं आहे की नाही. त्यांनी विचारलं, 'दोन का नाही?'

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं विचारलं ते नेहमी, कमी का भरलं. कमी भरायला हवं होतं, जास्त का भरलं, असं विचारणारं माणूस आपल्या काउंटरवर कधी आलं नाही. मी सांगितलं की चारच्या खाली-वर दोनाची चूक धरावी, म्हणजे दोनही असू शकेल आणि सहाही, आणि पट्टी मला घरी नेऊ द्यावी, मी तपासून आणतो. बाई म्हणाल्या, न्या. (पुढे मला कळलं की त्या ती सगळ्यांनाच देतात. तेव्हा मला वाटलं होतं, आपला हुद्दा पाहून दिली.)

पट्टी मी बाकावर ठेवून मापली. सहा आणि सात यांच्यातलं अंतर इतर अंतरांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरलं. म्हणजे सहावर पोचलेल्या माणसाला सातवर जाणं जरा सोपं पडतं. हे मी बाईंना चिठ्ठीनं कळवलं. शून्याचा प्रश्न त्याहून अवघड. तू नेहमी म्हणायचास, आधी शून्य पाहा, शून्य चुकलं तर पुढचं सगळं खोटं. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी रिकामी पारडी स्थिर होईपर्यंत तू त्याला उभं ठेवायचास, त्यावरून तर बाजारानं तुला हे नाव दिलं. (आणि मला 'झालंच'. कारण काम कुठवर आलं असं कुणी विचारलं की मी 'झालंच' म्हणतो, मग काटा अजून खोक्यातून बाहेर काढलेला का नसेना.) तर या पट्टीचं शून्य म्हणजे कोण? ज्याला काहीच बदलायचं नाही तो माणूस. पण तो बाईंच्या खोलीत येईलच कशाला? म्हणजे या काट्याचं शून्य कुणी कधी पाहिलेलंच नाही. हेही मी चिठ्ठीत लिहिलं. उत्तर आलं नाही.

तुझ्या वहिनीनं पट्टी पाहिली, हे काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. तिनं हात पुसले आणि माझ्या वतीनं दोनवर बोट ठेवलं. मी विचारलं, शून्य का नाही. (प्रश्न बाईंकडून शिकलेला.) ती म्हणाली, एकदा तापात तुम्ही बिनसाखरेचा चहा प्यायला होतात. मग म्हणाली, तेव्हा तोंडाला चव नव्हती म्हणा. तेव्हापासून मी घरी असलो की पट्टी स्वयंपाकघरात असते. फळीवर घालायचा कागद कापायला तिला ती उपयोगी पडते.

आता मुलीसाठी एक गोष्ट सांगायला हवी. (तू वहीत आकडे पाहिलेस, पण ते कुठून आले हे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. तुझ्या वडिलांनाही ऐकू दे, त्यांनाही पुन्हा ऐकायला आवडेल.) दोन पारड्यांचा काटा दुरुस्त झाला की त्याची शेवटची परीक्षा घ्यावी लागते. डाव्या पारड्यात वजन, उजव्यात तेवढा माल. मग उलट. मग वजन काढून टाकायचं आणि मालासमोर माल ठेवायचा. काटा मधोमध उभा राहिला तर काम पक्कं. माल काहीही चालतो, वाळू, शिसं, खिळे. आम्ही साखर घ्यायचो, कारण पहिल्या वर्षी दुकानात वाळू नव्हती आणि चहाचं सामान होतं. वीस ग्रॅम एका पारड्यात, वीस दुसऱ्यात. परीक्षा झाली की साखर फेकायची कशाला? डाव्या पारड्यातली माझ्या चहात, उजव्यातली त्यांच्या. एक काटा, एक चहा. म्हणजे आम्ही चहासाठी कधी उठलो नाही, आम्ही कामच केलं. रोज पाच-सहा काटे निघायचे. वजनमाप खात्याच्या तपासणीच्या हंगामात अकरा.

मुली, तुला हे पहिल्यांदा दवाखान्यात कळलं, आणि माझ्यामुळे कळलं. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती घेता. तुझे वडील म्हणाले, दोन-तीन. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मला गप्प राहता आलं असतं. पण समोर कुणी मोजमाप चुकीचं सांगितलं की माझ्या तोंडातून दुरुस्ती निघतेच, ते धंद्याचं दुखणं आहे. मी म्हणालो, अकरा, प्रत्येकी वीस ग्रॅम. डॉक्टरांना वाटलं, मी थट्टा करतो आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी परीक्षेची वही घेऊन आलो. तू ती बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचलीस. तुझं लाल पेन तुझ्या हातात होतं (शाळेतून थेट आली होतीस), आणि तू एकाही आकड्यावर खूण केली नाहीस. सगळे बरोबर होते, हे मला तेव्हाही अभिमानाचं वाटलं. शून्यराव, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्यानंतर आठवड्यात तू मुलीकडे राहायला गेलास. वही अजून तिच्याकडे आहे. इकडे मी नवी सुरू केली.

आता बाईंच्या खोलीकडे परत. तीन आठवडे मी रोज पाच वेळा पट्टीवर तयारी मोजली. एका वाचनावर विसंबू नये, तुझाच नियम. सकाळी उठल्यावर सात. जेवण झाल्यावर पाच. सव्वाचारला एक. काही दिवशी शून्याच्याही खाली जात होतं, तिथे मी शून्याच्या डावीकडे पेन्सिलीनं दोन रेघा वाढवून घेतल्या. सहाला पुन्हा पाच. झोपताना आठ, कारण झोपताना सगळेच आठ असतात. हे सगळं तक्त्यात मांडून मी बाईंना दिलं. त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला. आपल्या दुकानात असं पाहणारं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला खुर्ची दिली असती.

त्यांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी दिवसभर नऊ कसे. मी म्हटलं, त्या दिवशी दुकान बंद, काटा नाही, त्यामुळे चहा नाही. घरी प्यावासा वाटत नाही? नाही वाटत. अजिबात? मी विचार केला. अजिबात नाही. मग त्यांनी तक्त्यावर सव्वाचारच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि विचारलं, 'या वेळी समोर कोण असतं?'

मी म्हटलं, कुणी नाही.

'म्हणूनच विचारलं,' त्या म्हणाल्या.

शून्यराव, त्या खोलीत एक पंखा आहे. तो वळताना दर वेळी एका ठिकाणी अडकतो आणि पुन्हा सुटतो. बेअरिंगमध्ये कचरा असणार. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग मी त्यांना ते सांगितलं, जे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. (तुझ्यामार्फत तिला कळलं तर चालेल.) परीक्षेला दोन्ही पारड्यांत साखर लागतेच. एका पारड्यावर परीक्षा होत नाही. तू गेल्यापासूनही मी दोन्हीकडे वीस-वीस घालतो. काटा मधोमध उभा राहिला की डावीकडची माझ्या पेल्यात आणि उजवीकडची तुझ्या. तुझा पेला तुझ्या बाजूला ठेवतो. माझा संपतो. तुझा गार होतो. मग तो फेकून कसा द्यायचा म्हणून मीच पितो. त्यावरून माझा आकडा तुझ्याहून मोठा का, याचा उलगडा झाला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

नंतर त्या म्हणाल्या की सगळं एकदम बदलू नका, एक लहान गोष्ट निवडा. मी माल बदलायचं ठरवलं. साखरेऐवजी मीठ. परीक्षा तशीच, नियम तोच, तक्रारीला जागा नाही. पहिल्या दिवशी एका औषधदुकानाचा काटा होता. मीठ विरुद्ध मीठ, काटा मधोमध, सुरेख. आणि मग एकतीस वर्षांच्या हातानं, मला न विचारता, डावीकडचं मीठ माझ्या पेल्यात ओतलं आणि उजवीकडचं तुझ्या. मी माझा घोट घेतला आणि जागेवरून उठलो. तेवढ्यात वजनमापाचे साहेब आत आले. नवे साहेब, आखूड बाह्यांचे, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ते तुझ्या जागेवर बसले आणि समोर चहा तयार आहे असं पाहून त्यांनी पेला उचलला.

त्यांना थांबवायला हवं होतं, पण माझं तोंड अजून माझ्या ताब्यात नव्हतं. साहेबांनी पहिला घोट घेतला. पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी उभा होतो, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांना माहीत होतं की या दुकानातला दुसरा माणूस आजारी होऊन गेला आहे. त्यांनी बहुधा भलताच समज करून घेतला. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग सावकाश, एखादं कर्तव्य पार पाडावं तसा, पूर्ण पेला संपवला. काट्यावर शिक्का मारला, न तपासता. दारात थांबून म्हणाले, 'हे असं रोज करू नका.' मी 'झालंच' म्हणालो.

हसलास का? (मुली, हसले का?) मीही हसलो, पण थोड्या वेळानं. ते गेल्यावर मी तुझा पेला विसळायला घेतला आणि लक्षात आलं, तू गेल्यापासून त्यातून दुसऱ्या कुणीतरी चहा प्यायल्याची ही पहिली वेळ. पेला उपडा ठेवताना मला वाईट वाटलं. आणि मग असंही वाटलं की त्या खुर्चीवर कुणीतरी बसलं, खुर्ची मोडली नाही, दुपार गेली. त्या दिवशी सव्वाचारचं वाचन तीन आलं.

आता ज्याबद्दल मी आजवर लिहिलं नाही ते लिहितो. तीन महिन्यांपूर्वी मी तुमच्या दाराशी आलो होतो. तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. हातात पिशवी होती, पिशवीत बिस्किटांचा डबा, एकही बिस्कीट न मोडलेला. मुलीनं दार अर्धं उघडलं आणि डब्याकडे पाहिलं. ती जे म्हणाली ते तिला आठवत असेल, पण वही ठेवणाऱ्या माणसानं शब्द जसेच्या तसे लिहावेत. ती म्हणाली, 'काका, राग मानू नका. तुम्ही आलात की बाबांना चहा हवा होतो, आणि चहा आला की साखर. तुम्हाला स्वतःला सोडायचं आहे की नाही, ते आधी ठरवा. मग या.' मी राग मानला नाही. तिचं वाचन बरोबर होतं. दवाखान्यानं तुला जे जे सोडायला सांगितलं त्यात साखर होती, तळलेलं होतं, बसून राहणं होतं, आणि शेवटच्या ओळीत, लिहिलेला नव्हता तरी, मी होतो. इतकी वर्षं मी स्वतःला तुझा सोबती समजत आलो. मी तुझी सवय होतो.

दार लागता लागता मला आतला आवाज आला. चमचा. तीन वेळा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग काठावर एक टिचकी. असा चहा जगात एकच माणूस ढवळतो. मी पायरीवर उभा राहिलो आणि विचार केला, मुलगी त्या चहात साखर घालू देणार नाही. साखरच नाही तर तो ढवळतो काय?

त्या पायरीवरून मी सरळ स्टेशनवर गेलो आणि परत येऊन दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासून घेतलं. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, सोडायचं कशासाठी. मी म्हणालो, तब्येतीसाठी. त्यांनी ते लिहून घेतलं, पण खाली रेघ मारली नाही. आता अकरा दिवस मी साखर घेतलेली नाही. मिठाची परीक्षा होते, मीठ परत बरणीत जातं, चहा बिनसाखरेचा होतो, एकच पेला. तो वाईट लागतो. पण चहा वाईट लागण्याचं कारण चहा नाही, हे आता मोजून कळलं आहे.

बाकी सर्व क्षेम. पाय जपून ठेव. चप्पल घट्ट घालू नकोस. तुझ्या बाजूचा दिवा या आठवड्यात बदलतो.

तुझा,
झालंच

ता. क. हे मुलीसाठी आहे. तू 'ठरवा, मग या' म्हणालीस. मी ठरवलं आहे. मला एका दुपारी यायचं आहे, सव्वाचारला. पिशवी आणणार नाही. खिसे तपासून घे, मला अपमान वाटणार नाही, मी स्वतः लोकांची वजनं उलटी करून तळ पाहत आलो आहे. चहा देऊ नकोस. नुसतं पाणी दे, दोन पेल्यांत, आणि दोन चमचे. त्यांना ढवळायचं असेल तर ढवळू दे.

ता. क. दोन. वर अकरा दिवस लिहिले आहेत, ते नऊ वाचावेत. मधले दोन दिवस वजनमापाची मोठी तपासणी होती.

ता. क. तीन. हे त्याला वाच, किंवा वाचू नकोस, ते तू ठरव. पण गाळलंस तर सगळंच गाळ, अर्धं वाचू नकोस.

शून्यराव, आपल्या चौथ्या वर्षी एका सकाळी तू दुकानात आलास आणि म्हणालास, आजपासून दहा ग्रॅम. तुझे वडील याच दुखण्यानं गेले होते, त्याला महिना झाला नव्हता. बाईंची पट्टी तेव्हा नव्हती, पण मी शेजारी बसलो होतो, तू दहावर होतास, मला दिसत होतं. साखरेसमोर साखर ठेवायची, म्हणजे तुझी दहा झाली की माझीही दहा. आणि मी तयार नव्हतो. तू दहा घे, मी वीस घेतो, परीक्षा खिळ्यांनी करू, एवढं मला म्हणता आलं असतं. पण मग दोघांचे चहा निराळे झाले असते, आणि निराळे चहा निराळ्या वेळी संपतात. दुपारी तू टपालात गेलास तेव्हा मी पेटीतलं दहाचं वजन उचललं आणि माझ्या बाजूच्या स्क्रूच्या डब्यात तळाशी टाकलं.

तू दोन दिवस शोधलंस. गुडघ्यांवर बसून बाकाखाली शोधलंस, आणि मी तुला बॅटरी धरून दाखवली. पाच, दोन, दोन आणि एक मिळून दहा होतात हे तुलाही ठाऊक होतं, पण 'एक वजन, एक चूक. चार वजनं, चार चुका' हा तुझा नियम होता, आणि तू तो मोडणार नाहीस हे मला ठाऊक होतं. नवं मागवू या, असं मी म्हटलं नाही. तू म्हणालास, सापडेल. तोवर वीस चालू दे. सत्तावीस वर्षं तू अधूनमधून म्हणायचास, ते दहाचं सापडलं नाही ना. आणि मी म्हणायचो, नाही.

बाई विचारतात, दोन का नाही. त्या दिवशी माझं दोनही नव्हतं. त्यांच्या पट्टीचं शून्य कुणी पाहिलेलं नाही असं मी त्यांना लिहिलं होतं. मी पाहिलेलं आहे.

ता. क. चार. वजन सोबत पाठवतो आहे. टपालाला वीस ग्रॅमपर्यंत एक तिकीट चालतं, म्हणून कागद पातळ घेतला आणि दोन्ही बाजूंनी लिहिलं. मुली, पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळलं आहे, ते त्याच्या तळहातावर ठेव. वजनाला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचं, हा त्याचा नियम आहे, पण या वेळी बोटांनी उचलू दे. काठावर एक खाच आहे, पहिल्या वर्षी पडलं होतं तेव्हाची. डोळ्यांची गरज पडणार नाही.

शून्यराव, ते ठेवून घेतलंस तर मी येईन. परत पाठवलंस तर येणार नाही, आणि ते पेटीतल्या त्याच्या खाचेत ठेवीन. ती जागा मी पुसून ठेवली आहे.

पाकीट आत्ता काट्यावर ठेवून पाहिलं, आधी शून्य बघून, घाई न करता. एकोणीस भरलं. एक ग्रॅमला जागा आहे, पण घालण्यासारखं माझ्याकडे आता दुसरं काही उरलेलं नाही.